गणपतीच्या फ्लेक्ससाठी मदत हवी: उदासी, डिप्रेशन, मेनिया, बायपोलर यांतला फरक कसा लिहायचा?

फलकवाला_पेठेतला

नमस्कार मंडळी. आमच्या तालमीच्या गणपतीत यंदा देखाव्याशेजारी मनाच्या आजारांवर चार फ्लेक्स लावायचं ठरलंय. विषय मूड डिसऑर्डर. मजकूर माझ्याकडं आलाय. इकडून तिकडून वाचून चार ओळी केल्यात:

पहिला: डिप्रेशन म्हणजे सतत उदास राहणं, रडू येणं.
दुसरा: मेनिया म्हणजे अति आनंद होणं.
तिसरा: बायपोलर म्हणजे क्षणात हसणं, क्षणात चिडणं.
चौथा: डिसथायमिया म्हणजे सौम्य डिप्रेशन, फार काळजी नको.

तिसरी ओळ वाचून एक पोरगं म्हणालं, "मग आपल्यातली निम्मी पोरं बायपोलरच की रं." तिथं गाडी अडली. रांगेत उभ्या माणसाला आपल्या घरातलं कोण यात बसतंय हे ओळखता आलं पाहिजे, पण प्रत्येकाला आजारीही ठरवायचं नाही. एका फ्लेक्सवर साठ-सत्तर शब्दांच्या वर कोण वाचत नाही. आणि गोळ्यांबद्दल काही लिहावं का? जाणकारांनी कान पिळले तरी चालतील.

---

ओपीडी_नंबर_सात (मानसोपचारतज्ज्ञ)

चारही ओळी बदलाव्या लागतील. तिसरी तर छापूच नका, त्या पोराचं बरोबर आहे.

चारही ओळींतली चूक एकच आहे. तुम्ही भावनेचं नाव लिहिलंय, पण ती किती दिवस टिकली आणि त्यानं काय काय बंद पडलं हे लिहिलेलं नाही. उदास होणं, चिडणं, आनंदानं नाचणं हे सगळ्यांनाच होतं. आजार ठरतो तो दिवस मोजून, आणि माणूस त्याच्या नेहमीच्या स्वभावापासून किती सरकला हे बघून. शेजाऱ्याच्या नाही, त्याच्या स्वतःच्या.

आता एकेक.

डिप्रेशन. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराचसा वेळ. नऊ लक्षणांपैकी पाच तरी एकाच काळात हवीत, आणि त्या पाचात पहिल्या दोनपैकी एक असलंच पाहिजे. पहिली दोन म्हणजे मन उदास असणं, किंवा कशातच रस न उरणं. बाकीची सात: भूक किंवा वजन कमी-जास्त होणं, झोप उडणं किंवा फार येणं, हालचाल मंदावणं किंवा जिवाची घालमेल होऊन एका जागी न बसवणं, थकवा, आपण कुचकामी आहोत किंवा सगळं आपल्यामुळंच झालं असं वाटणं, लक्ष न लागणं आणि साधा निर्णयही न होणं, मरणाचे विचार. हे नऊ डीएसएम-5 मधले, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानाच्या पुस्तकातले, 2013 चे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, आयसीडी-11 मध्ये, जे 1 जानेवारी 2022 पासून लागू झालं, हताशपणा वेगळा धरून दहा आहेत. फ्लेक्सवर तो फरक घालू नका.

'रडू येणं' त्या नऊ लक्षणांत स्वतंत्र नाही हे लक्षात आलं का? कित्येक जण रडत नाहीत. उलट "रडूसुद्धा येत नाही, आत सगळं कोरडं झालंय" असं सांगतात. आणि आपल्याकडं "मी उदास आहे" असं म्हणत माणूस येतच नाही. डोकं जड, अंग मोडून येतं, पित्त उसळतं, छातीत धडधड, अशक्तपणा, हीच तक्रार असते. सलाईन लावून होतात, सोनोग्राफी होते, एमआरआय होतो, सगळं नॉर्मल. म्हणून पहिल्या फ्लेक्सवर उदासीच्या आधी 'रस गेला' हे टाका. आखाड्याकडं न फिरकणारा पैलवान, तांबड्या रश्श्याला नको म्हणणारा गडी, नातवाला मांडीवर न घेणारी आजी. लोकांना हे पटकन कळतं. लहान आणि वयात येणाऱ्या मुलांत उदासीऐवजी चिडचिड पुढं येते. पुरुषांत बऱ्याचदा दारू वाढते. म्हाताऱ्या माणसांत विसरभोळेपणा दिसतो आणि घरचे तो वयाच्या खात्यावर टाकून मोकळे होतात.

मेनिया म्हणजे आनंद नव्हे. काही जणांत आनंदाचा मागमूस नसतो, नुसता भडका असतो. किमान सात दिवस मन फार चढलेलं किंवा फार चिडकं, आणि त्याबरोबर ताकद-हालचाल वाढलेली. दवाखान्यात दाखल करायची वेळ आली तर सात दिवसांची अट उरत नाही. सोबत सातपैकी तीन लक्षणं हवीत, नुसता चिडकेपणा असेल तर चार: झोपेची गरजच कमी होणं, बोलणं न थांबणं, विचार धावणं, लक्ष उडणं, स्वतःबद्दल अवाच्या सवा कल्पना, एकदम दहा कामं अंगावर घेणं, आणि बेफाम खर्च, गाडी, कर्ज, संबंध.

यातली झोपेची खूण तुमच्या मांडवात सगळ्यांत उपयोगाची. विसर्जनाला दोन रात्री जागलेला कार्यकर्ता तिसऱ्या दिवशी आडवा होतो, हाक मारली तरी उठत नाही. मेनियातला माणूस दोन तास झोपून ताजातवाना उठतो, पहाटे तीनला फोन करून पुढच्या वर्षीच्या देखाव्याचं बजेट सांगतो, आणि हे मिरवणूक संपल्यावरही आठवडाभर चालू राहतं. झोप *येत नाही* हे निद्रानाशात. झोपेची *गरजच वाटत नाही* हे मेनियात.

त्याचीच हलकी आवृत्ती म्हणजे हायपोमेनिया. किमान चार दिवस सलग. लक्षणं तीच, पण संसार-नोकरी मोडण्याइतकी नाहीत, दाखल करावं लागत नाही, भास-भ्रम नसतात. भास-भ्रम आले की त्याला हायपोमेनिया म्हणत नाहीत, तो मेनियाच. गंमत अशी की हायपोमेनियात माणूस आणि घरचे दोघंही खूष असतात, "आता कुठं कामाला लागला" म्हणतात. म्हणून तो कुणी सांगत नाही आणि डॉक्टरनं मुद्दाम विचारल्याशिवाय कळत नाही.

आता बायपोलर. एक जरी खरा मेनिया येऊन गेला तरी तो बायपोलर एक, डिप्रेशन आलेलं असो वा नसो. हायपोमेनिया आणि पूर्ण डिप्रेशन दोन्ही येऊन गेले, पण मेनिया कधीच नाही, तर बायपोलर दोन. दोनला 'हलका' समजू नका. त्यातला माणूस आयुष्यातला फार मोठा काळ डिप्रेशनमध्ये काढतो. हे झटके, म्हणजे चढाचे किंवा उताराचे काळ, दिवसांचे, आठवड्यांचे, महिन्यांचे असतात. वर्षात चार किंवा जास्त झटके आले तर आम्ही त्याला रॅपिड सायकलिंग म्हणतो. म्हणजे 'रॅपिड'सुद्धा वर्षावर मोजतात, क्षणावर नाही. सकाळी हसून दुपारी चिडणाऱ्याला दुसरं काही असेल, किंवा काहीच नसेल.

डिसथायमिया: मोठ्या माणसात किमान दोन वर्षं, मुलांत एक वर्ष, जास्त दिवस उदासीचे, आणि मध्ये सलग दोन महिने मोकळे गेलेले नाहीत. लक्षणं कमी, पण मुक्काम लांब. "फार काळजी नको" हे काढाच. अशी माणसं "माझा स्वभावच रडका" म्हणत वीस-वीस वर्षं काढतात, आणि त्यावरच मोठं डिप्रेशन येऊन बसतं. त्याच दोन वर्षांच्या हिशेबात हलके चढ आणि हलके उतार आलटून-पालटून येत असतील, पण कशालाच पूर्ण नाव देता येत नसेल, तर ते सायक्लोथायमिया. त्याला फ्लेक्सवर जागा देऊ नका.

---

फलकवाला_पेठेतला

बाबो. उघडलं डोकं. एक शंका. घरात कोण वारलं की माणूस महिनाभर असाच असतो की. त्याला पण डिप्रेशन म्हणायचं? आणि आषाढात पाऊस लागला की निम्मं कोल्हापूर उदास.

---

चौकटीतली_पेन्सिल (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट)

दुःखाचं आधी. दुःख लाटांनी येतं. फोटो दिसला, आवडीचा पदार्थ झाला, तेराव्याला पाहुणे आले की उसळतं, मध्ये ओसरतं, कुणी जुनी आठवण काढली तर हसूही येतं. माणूस गेलेल्याबद्दल रडतो. डिप्रेशनमध्ये मळभ सरकतच नाही आणि माणूस स्वतःबद्दल बोलतो: मी वाईट, मी ओझं, मीच मारलं. मात्र "घरात माणूस गेलंय, असं होणारच" म्हणून मरणाच्या गोष्टी करणाऱ्याकडं दुर्लक्ष करायचं नाही. दुःखात डिप्रेशन येऊ शकतं. डीएसएम-5 नं दोन महिन्यांची जुनी सूट त्यासाठीच काढून टाकली.

पावसाचं. ऋतूशी बांधलेलं डिप्रेशन म्हणायचं तर किमान दोन वर्षं लागोपाठ त्याच हंगामात यायला हवं आणि हंगाम सरला की पूर्ण जायला हवं. दरवर्षी त्याच महिन्यात काम नसतं, पैसे अडकतात, म्हणून मन खचत असेल तर ते यात मोजत नाहीत. गळीत हंगाम संपल्यावर हाताला काम नाही, जूनमध्ये शाळेचा खर्च, उसाचं बिल आलेलं नाही, अशा माणसाची उदासी आभाळामुळं नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात घर बुडालेल्यांना पाऊस सुरू झाला की जी धडकी भरते तिचा हिशेब तर पूर्ण वेगळा, ती आघाताची गोष्ट आहे. निम्म्या कोल्हापुराचा तो नुसता कंटाळा, चहा-भजीनं जाणारा.

आता एक सोपी गोष्ट फ्लेक्सवर टाकाच: कॅलेंडर. घरोघरी दुधाचा हिशेब कॅलेंडरच्या चौकटीत लिहितातच. त्याच चौकटीत रोज रात्री दोन आकडे लिहायचे. पहिला मनाचा, उणे तीन ते अधिक तीन: शून्य म्हणजे आपलं नेहमीचं, उणे तीन म्हणजे अंथरुणातून उठवत नाही, अधिक तीन म्हणजे घरचे धरून ठेवतात. दुसरा झोपेचे तास. पाळी आली, दारू घेतली, गोळी चुकली तर बारीक खूण. चार आठवड्यांचं असं पान घेऊन आलेला माणूस डॉक्टरचा अर्धा तास वाचवतो. यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, आठवडाभराचं एकदम रविवारी बसून भरतात, मग रविवारचाच मूड सातही चौकटींत उतरतो. दोन, चढाच्या दिवसांत माणूस स्वतःला शून्य देतो, कारण त्याला ते नेहमीचंच वाटतं. म्हणून मनाच्या आकड्याचा आणखी एक, दुसरा रकाना करून तो घरातल्या एकानं, शक्यतो बायकोनं किंवा आईनं, त्याला न विचारता भरावा. मनाच्या या दोन रकान्यांत फरक पडायला लागला की तीच चढाची चाहूल.

डिप्रेशनची छापील प्रश्नावली हवी असेल तर पीएचक्यू-9. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांचे, प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 27. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून मध्यम ते तीव्र, वीसपासून तीव्र. दहा किंवा जास्त आले तर दाखवायला जा, एवढंच म्हणा. ती चाळणी आहे, निदान नाही. थायरॉइड मंदावलेल्या बाईला, रक्त कमी असलेल्या मुलीलाही दहा येतात. आणि नवव्या प्रश्नाला शून्य सोडून काहीही आलं तर एकूण आकडा बघत बसायचं नाही. तो प्रश्न मरणाच्या विचाराचा आहे.

@ओपीडी_नंबर_सात, बाळंतिणीचं राहिलं की. पेठेतल्या प्रेक्षकांत निम्म्या बायका असणार.

---

ओपीडी_नंबर_सात

बरोबर, राहिलं. बाळंतपणानंतर तिसऱ्या-पाचव्या दिवसाच्या आसपास रडू येणं, हळवं होणं हे फार जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप निवळतं. दोन आठवड्यांच्या पुढं गेलं, बाळाबद्दल काही वाटतच नाही, बाळ झोपलं असतानाही हिला झोप नाही, तर ते डिप्रेशन. सव्वा महिना संपायची वाट बघू नका.

तिसरा प्रकार वेगळाच आणि धोक्याचा. पहिल्या दोन आठवड्यांत अचानक झोप पूर्ण उडते, बडबड, संशय, बाळाबद्दल भलतंसलतं बोलणं, आत्ता बरी तर तासाभरात भान नाही. घरात म्हणतात "वात झालाय" किंवा "बाहेरचं काहीतरी लागलंय". ही इमर्जन्सी आहे. बाळाला हिच्याजवळ एकटं ठेवायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आधी बायपोलर असलेल्या बाईत हा धोका जास्त, म्हणून ते गरोदरपणातच डॉक्टरला सांगितलेलं असावं.

शरीराच्या कारणांबद्दल पेन्सिलताईंनी म्हटलंच, पुढं जोडतो: टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, बी-12, साखर हे पहिल्या भेटीत बघून घेतो. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच मेनिया आला तर शरीरातलं कारण आधी शोधायचं. स्टेरॉइड चालू आहे का हा त्यातला ठरलेला प्रश्न. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत कधी कधी तेच मिसळलेलं असतं, म्हणून पुडीसुद्धा घेऊन या. दारू रोजची असेल तर बंद करून तीन-चार आठवड्यांनी परत बघितल्याशिवाय डिप्रेशन मूळचं की दारूचं हे ठरवणं अवघड.

---

गोळ्यांचा_हिशेब (फार्मासिस्ट)

गोळ्यांबद्दल लिहायचं तर नाव आणि डोस नको. चिठ्ठी हरवली की लोक फ्लेक्सचा फोटो घेऊन काउंटरवर येतील. पण चार गोष्टी लिहाव्यात असं माझं मत.

एक. डिप्रेशनची गोळी झोपेची गोळी नाही. ती सवय लावत नाही, पण पहिल्या आठवड्यात फायदा दिसत नाही, त्रासच दिसतो: मळमळ, थोडी बेचैनी. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण अंदाज यायला सहा-आठ. बहुतेक लोक दहाव्या दिवशी "लागू पडली नाही" म्हणून सोडतात, तिथंच सगळं फसतं. पंचवीसच्या आतल्या पोरांवर पहिले काही आठवडे घरच्यांनी बारीक लक्ष ठेवायचं, बेचैनी किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच डॉक्टरला कळवायचं.

दोन. बरं वाटलं की बंद, हे नको. पहिल्या झटक्यानंतर बरं वाटल्यापासून पुढं साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, मग हळूहळू उतरवतात. एकदम सोडली तर चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं होणं. ते व्यसन लागल्याचं लक्षण नाही, झटकन सोडल्याचं आहे.

तीन, सगळ्यांत महत्त्वाची. शेजारणीला लागू पडलेली डिप्रेशनची गोळी आपण घ्यायची नाही. माणूस मुळात बायपोलर असेल आणि एकटी तीच गोळी दिली तर तो उदासीतून थेट मेनियात चढू शकतो. डॉक्टर म्हणूनच विचारतात, "कधी उलटं झालं होतं का? घरात कुणाला?" तिथं लाजून "नाही" म्हणू नका.

चार, लिथियम घेणाऱ्यांसाठी. बायपोलरमधलं जुनं आणि खात्रीचं औषध, पण उपयोगाची आणि विषाची पातळी शेजारी-शेजारी. रक्तात साधारण 0.6 ते 1.0 ठेवतात, 1.5 च्या वर धोका. शरीरातलं पाणी किंवा मीठ घटलं की पातळी चढते. आपल्याकडं हे कधी होतं? चैत्रात जोतिबाचा डोंगर उन्हात चालत चढताना, श्रावणातल्या अळणी उपवासात, जुलाब-उलट्यांत, आणि बीपीसाठी कुणी अचानक मीठ तोडलं की. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही चढते. म्हणून गुडघ्याची गोळी मागताना "लिथियम चालू आहे" हे काउंटरवर सांगायचं. हात जोरात थरथरणं, झोकांड्या, जीभ जड, उलटी-जुलाब, गोंधळ: पुढची गोळी थांबवून थेट दवाखाना. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. सकाळची गोळी घेऊन लॅबला जाणारे फार, मग आकडा खोटाच वर येतो आणि डॉक्टर उगाच डोस कमी करतात.

---

ओपीडी_नंबर_सात

चौथ्यात एक भर. मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट (बायपोलरमध्ये देतात ते दुसरं एक औषध) चालू असेल तर डॉक्टरशी आजच बोला. गर्भाच्या मेंदू-मणक्यावर परिणाम होतो, आणि तो बाई गरोदर आहे हे कळायच्या आतच. पण स्वतःहून बंद करू नका.

लिथियमचा मजकूर फ्लेक्सवर नको, वेगळं पत्रक करा. साठ शब्दांत हे बसवायला गेलात तर लोक लिथियमच सोडतील, आणि ते जास्त वाईट.

शिवाय जागरण. बायपोलर असलेल्याला झोपमोड हीच ठिणगी असते. तुमच्याच ढोलपथकात, डीजेवाल्यांत असा कुणी असेल तर मिरवणुकीत त्याला रात्री अकरानंतर घरी पाठवा आणि त्यावरून चेष्टा करू नका. नवरात्रातही तेच.

---

फलकवाला_पेठेतला

हे तर आमच्याच कामाचं निघालं. शेवटचं विचारतो: चौथ्या फ्लेक्सवर 'कुठं जायचं' लिहितोय. सीपीआर (कोल्हापूरचा सरकारी दवाखाना), हेल्पलाइन आणि खाली आमच्या अध्यक्षांचा नंबर. बरोबर?

---

चौकटीतली_पेन्सिल

सीपीआर बरोबर, मानसोपचार विभागाची ओपीडी तिथं आहे. रात्री-अपरात्री अपघात विभाग. टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 सगळ्यांत मोठ्या अक्षरात, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. ॲम्ब्युलन्सला 108.

अध्यक्षांचा नंबर काढा. रात्री दोनला तो उचलला गेला नाही तर काय, आणि उचलला तर ते काय बोलणार? त्या जागेत तीन ओळी लिहा. "जगणं नको वाटतं का?" असं सरळ विचारा, विचारल्यानं डोक्यात विचार भरत नाही, उलट दार उघडतं. "हो" म्हणाला तर "काही ठरवलंय का?" हे विचारा आणि त्याला एकटं सोडू नका. घरातलं शेतीचं औषध, जास्तीच्या गोळ्या त्याच दिवशी दुसऱ्याच्या घरी कुलपात.

आणि "पोलीस केस होईल" या भीतीनं लोक विष घेतलेल्या माणसालाही लपवतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, तसं नव्हतं हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला शिक्षा होत नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुन्या दंडसंहितेतलं कलम 309 नव्या न्याय संहितेत उरलेलंच नाही. हे एका ओळीत, ठळक.

---

फलकवाला_पेठेतला

अध्यक्षांना सांगतो, रागावतील थोडे. मजकूर परवापर्यंत इथंच टाकतो, छापायच्या आधी तिघांनी एकदा बघा. आणि पेन्सिलताई, कॅलेंडरचं पान नमुन्याला कुणी भरून देईल का? चार आठवड्यांचं, दोन रकान्यांचं.

---

चौकटीतली_पेन्सिल

देते. दुसऱ्या रकान्याचा रंग वेगळा छापा, नाहीतर दोन्ही एकाच माणसाला भरायला देतील.